खांद्याला काय परवडतं

जिम चालवणाऱ्याला दिवसाआड कोणीतरी विचारतंच, "सर, अमुक व्यायामानं खांदा जातो म्हणतात, खरं का?" तालमीत वस्तादांना असं विचारायची आमची टाप नव्हती. सांगितलं ते करायचं, बस. आता मोबाइलवर एक जण छातीठोकपणे सांगतो की मानेमागून प्रेस म्हणजे आत्महत्या, आणि पुढच्याच मिनिटाला दुसरा सांगतो की त्याच्याशिवाय खांदा भरतच नाही. पोरं बिचारी मध्ये लटकतात.

मी लाल मातीत वाढलो, पुढे लोखंडाच्या नादी लागलो आणि आता तालुक्याच्या गावात इतरांकडून वजनं उचलून घेतो. एखादा व्यायाम चांगला की वाईट, या वादात मी पडत नाही. तो जे देतो ते दुसऱ्या कमी जोखमीच्या व्यायामातून मिळतंय का, एवढंच पाहतो. मिळत असेल तर महागातलं कशाला घ्यायचं?

१. आधी सांधा समजून घ्या

मांडीचं हाड कमरेच्या खोल वाटीत घट्ट बसलेलं असतं. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची वाटी उथळ, म्हणजे बशीवर मोसंबं ठेवावं तसा प्रकार. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच तो निखळतोही सगळ्यांत सहज. हा गोळा जागेवर धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू करतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. आरशात दिसतो तो डेल्टॉइड. हे चौघे दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

दुसरी गोष्ट पाठीवरच्या पात्याची. हात बाजूनं कानापर्यंत वर जातो तेव्हा त्या साधारण १८० अंशांतले १२० मूळ सांध्यातून येतात आणि ६० पातं फिरल्यामुळे मिळतात. दिवसभर काउंटरवर वाकून बसणाऱ्याचं पातं नीट फिरत नाही. मग त्याची भरपाई कंबर करते.

नवीन माणूस आला की त्याला मी भिंतीला पाठ लावून उभं करतो. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, कंबर आणि डोकं भिंतीला. मग सरळ हात समोरून वर न्यायला सांगतो, अंगठे भिंतीला टेकवायला. पन्नाशीतले बरेच जण इथंच अडकतात. अंगठे टेकतात, पण तोवर कमरेखालून माझा अख्खा पंजा आरपार जाईल एवढी फट पडलेली असते. अशा माणसाच्या डोक्यावर मी बार देत नाही. त्याचा खांदा कमजोर असतो असं नाही, तो तिथवर पोचतच नाही.

२. मानेमागून प्रेस कोणाचा?

बार मानेमागे घेतला की दंड थेट बाजूला जातो आणि मागच्या दिशेला पूर्ण वळतो. सांध्याच्या हालचालीचं ते शेवटचं टोक. त्या टोकावर वजन पेलायचं म्हणजे पाठीचा वरचा भाग मोकळा हवा, खांद्याची फिरत पुरेशी हवी आणि मान पुढे खुपसायची सवय नको.

वेटलिफ्टिंगची मुलं हा व्यायाम करतात, रुंद पकडीनं आणि नेमानं. त्यांना स्नॅचमध्ये बार डोक्यावर त्याच पकडीत पेलायचा असतो, तो त्यांच्या धंद्याचा भाग आहे. लहानपणापासून ती हालचाल अंगवळणी पडलेली असते. त्यांच्याकडे बघून "हे घातक आहे" म्हणणं अडाणीपणाचं आहे. आणि त्यांच्याकडे बघून बँकेतल्या काकांनी तेच करणं हाही त्याच जातीचा अडाणीपणा.

काकांना त्यातून मिळतं काय? खांद्याच्या बाजूच्या भागाला थोडा जास्त ताण. तो साइड रेजमध्ये मिळतो, तोही हात टोकाला न नेता. म्हणून माझ्याकडे हा व्यायाम सरसकट बंद नाही, पण मागितल्याशिवाय कोणाला मिळत नाही. ज्याचा खांदा एकदा निखळला आहे त्याला मात्र मागूनही मिळत नाही. खांदा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला निखळतो, आणि हात बाजूला उचलून मागे वळलेला असताना निखळतो. मानेमागच्या प्रेसमध्ये नेमकी तीच अवस्था असते. कबड्डीची पोरं इथं हटकून वाद घालतात. घालू देत.

लॅट पुलडाउन मानेमागे ओढण्याबद्दलही हेच. छातीसमोर ओढलं तरी पाठीला तेवढंच मिळतं, मग मान कशाला वाकवायची?

३. समोरचा प्रेस ठेवा, पण मागे झुकू नका

ऑलिंपिकमध्ये पूर्वी क्लीन अँड प्रेस हा तिसरा प्रकार असायचा. १९७२ च्या म्युनिक स्पर्धेनंतर तो काढून टाकला. उचलणारे कमरेतून इतके मागे झुकायला लागले होते की कोणता प्रेस कायदेशीर आणि कोणता नाही, यावर पंचांचं एकमत होईना. जगातले सर्वांत ताकदवान लोक मोहात पडले, तर आपला गडी पडणारच.

मागे झुकलं की छातीचा वरचा भाग मदतीला येतो, आकडा वाढतो आणि खांद्याचं काम कमी होतं. उरलेला भार कंबर सोसते. ढुंगण आवळा, बरगड्या खाली ठेवा, बार कपाळाजवळून जाऊ द्या आणि तो वर गेल्यावर डोकं हाताच्या मधून जरा पुढे काढा. वर गेल्यावर पातीही वर जाऊ द्यायची. "खांदे खाली दाबून ठेवा" ही सूचना बेंच प्रेसची आहे. ती इथं लावली तर पातं फिरायचंच थांबतं.

ज्यांना बार जमत नाही त्यांनी डंबेल घ्यावेत आणि कोपरं जरा पुढे ठेवावीत. तेही अवघड जात असेल तर बारचं एक टोक कोपऱ्यात टेकवून दुसरं टोक तिरकं वर ढकलायचं. आमच्याकडे पन्नाशीपुढचे बहुतेक जण हेच करतात आणि कुरकुरत नाहीत.

४. अपराइट रो

चिंचोळी पकड, बार हनुवटीपर्यंत, कोपरं कानाच्या वर. यात दंड आत वळलेला असतो आणि तसाच वर उचलला जातो. पुष्कळांना इथं खांद्याच्या टोकाशी कळ येते, आणि मनगटं दुखतात ती वेगळीच. पकड खांद्यांपेक्षा रुंद घेतली आणि कोपरं खांद्याच्या रेषेत थांबवली तर त्रास बराच कमी होतो, शिवाय डेल्टॉइडचं काम वाढतं. तरीही मी तो तक्त्यातून काढला आहे. साइड रेज आणि श्रग हे दोन मिळून त्याचं सगळं काम करतात. ज्याला तो वर्षानुवर्षं विनातक्रार चालतोय त्यानं माझ्यासाठी सोडू नये.

५. साइड रेजमध्ये पाच किलो म्हणजे पाच किलो नव्हे

हा हिशेब मी फळ्यावर मांडून दाखवतो. हात सरळ आडवा केला की डंबेल खांद्याच्या सांध्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतो. स्नायूची ओढ मात्र सांध्यापासून ढोबळमानानं ३ सेंटिमीटरवर काम करते. म्हणजे वीसपट. पाच किलोसाठी स्नायूंना शंभर किलोच्या आसपास ओढ लावावी लागते. सत्तर किलोच्या माणसाचा हातच साडेतीन किलोच्या घरात भरतो आणि त्याचं वजन मध्यावर धरलं तर आणखी पस्तीस किलो. हातात काही न घेता हात आडवा धरला तरी एवढं काम चालू असतं. आता समोरचा मुलगा पंधरा किलोचे डंबेल झोके देऊन उचलतोय, त्याच्या खांद्यात काय चाललं असेल?

म्हणून इथं वजन हलकं आणि रेप्स जास्त. हात अगदी बाजूला न नेता तीसेक अंश पुढे ठेवायचा, कारण पातं पाठीवर तसंच तिरपं बसलेलं असतं. दंड त्याच्या रेषेत गेला की सांध्याला सोपं पडतं. खांद्याच्या उंचीला थांबायचं.

"तांब्यातलं पाणी ओता" म्हणजे करंगळी वर, अंगठा खाली, ही जुनी सूचना अजून सर्रास ऐकू येते. तिची एक चुलत बहीण फिजिओथेरपीत होती. लॉस एंजेलिसचे डॉ. फ्रँक जोब (बेसबॉलच्या पिचरांच्या कोपराची शस्त्रक्रिया रूढ केली तेच) यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अंगठे जमिनीकडे करून हात उचलायचा व्यायाम सांगितला, एका छोट्या कफ स्नायूला एकटा पाडण्यासाठी. पुढे स्नायूंमधली विद्युत हालचाल मोजून पाहिली, तेव्हा अंगठा वर ठेवूनही त्या स्नायूचं काम तेवढंच होतं असं आढळलं, आणि दुखऱ्या खांद्याला ते सोसवतंही. आता दुखण्यावरच्या व्यायामात अंगठा वरच ठेवायला सांगतात. जिममध्ये मात्र तांब्या अजून ओतला जातोय.

६. "हाड घासतंय" असं मी कोणाला सांगत नाही

गंमत म्हणजे १९७२ हेच साल इथंही आहे. त्या वर्षी चार्ल्स नीर या अमेरिकन सर्जननं मांडलं की हात वर करताना खांद्याच्या छपराचं हाड खालच्या स्नायुबंधावर घासतं आणि तो झिजतो. कल्पना इतकी पटण्याजोगी होती की पुढची कित्येक वर्षं जगभर त्या हाडाचा खालचा भाग तासून काढायच्या शस्त्रक्रिया झाल्या. वाईट व्यायामांच्या ज्या याद्या आपण वाचतो, त्यांपैकी बऱ्याच याच कल्पनेवर उभ्या आहेत.

मग ब्रिटनमध्ये एक धाडसी प्रयोग झाला आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. काही रुग्णांचं हाड खरोखर तासलं. काहींच्या खांद्यात दुर्बीण घातली, पण हाडाला हात लावला नाही. काहींना काहीच केलं नाही. तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्या दुखण्यात फरक निघाला नाही. त्याच वर्षी फिनलंडच्या एका प्रयोगातूनही तसंच दिसलं. हाड घासणं हेच मूळ असतं तर हाड काढल्यावर फरक पडायला हवा होता.

याचा अर्थ कसाही व्यायाम करा असा नाही. ज्या कोनात दुखतं तो कोन काही दिवस टाळावाच. पण "तुमचं हाड घासतंय" असं सांगितलं की माणूस घाबरतो, हात वापरणं सोडतो आणि खांदा आणखी कमजोर होतो. बहुतेक दुखण्यांत भार कमी करून, हळूहळू वाढवत हात वापरत राहणं हाच उपचाराचा मुख्य भाग असतो.

७. खांदा खांद्याच्या दिवशी बिघडत नाही

माझ्या जिममध्ये खांद्याच्या तक्रारी येतात त्या सोमवारच्या बेंचवरून, आणि त्या येतात मंगळवारी. सोमवारी सगळ्या गावाची छाती असते. बेंच, इनक्लाइन, मशीन, शेवटी डिप्स. बुधवारी शोल्डर म्हणून परत प्रेस आणि फ्रंट रेज. या प्रत्येकात खांद्याचा पुढचा भाग राबतोच, त्यामुळे फ्रंट रेजची गरज बहुतेकांना नसतेच. मागचा भाग मात्र आठवडाभर निवांत.

बेंचवर कोपरं थेट बाजूला उघडी टाकून बार छातीवर आदळणाऱ्यांच्या कॉलरबोनचं बाहेरचं टोक दुखायला लागतं. त्या टोकाचं हाड झिजण्याच्या या विकाराला इंग्रजीत 'वेटलिफ्टर्स शोल्डर' असंच नाव पडलं आहे. छातीचा स्नायू फाटतो तोही बहुधा बेंचवरच, बार खाली येताना. कोपरं अंगाशी तिरकी ठेवली, पकड थोडी आत घेतली आणि दुखऱ्या खांद्याला काही आठवडे बार छातीच्या वर चार बोटं थांबवला, तर पुष्कळ प्रकरणं मिटतात.

समांतर दांड्यांवरचे डिप्स मला आवडतात. ताकद देतात. दंड जमिनीला समांतर झाला की थांबायचं. पण मागे बाकड्यावर हात टेकून केलेले बेंच डिप्स मी कोणालाच देत नाही. दंड मागे ओढलेला, खांदा आत वळलेला, वर अंगाचा भार, आणि मिळतं काय, तर ट्रायसेप्स. ते दोरीच्या पुशडाउनमध्ये मिळतात.

ढकलण्याच्या प्रत्येक सेटला ओढण्याचा निदान एक सेट हवा. रो, पुलअप, आणि दोरी चेहऱ्याकडे ओढायचा फेस पुल. फेस पुल दिसायला अगदीच बिनमोबदल्याचा व्यायाम, आरशात काही वाढत नाही, म्हणून पोरं तो शेवटी ठेवतात आणि शेवटी वेळ संपलेली असते. मी तो सुरुवातीलाच करून घेतो.

८. तालमीतलं काही अजून उपयोगी आहे

बेंचवर पाठ टेकलेली असते, त्यामुळे पाती दाबून राहतात. जोर मारताना ती मोकळी फिरतात. हात सरळ होताना पातं बरगड्यांवरून पुढे सरकतं, आणि ते तिथं घट्ट धरून ठेवणारा स्नायू जोरांत चांगला तयार होतो. पण शंभर किलोच्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी जमिनीला छाती लावून जोर काढू नयेत. टेबलाच्या कडेवर हात ठेवून सुरुवात करावी.

करेल आणि मुद्गल फिरवणं ही तर खांद्यासाठी बांधलेलीच गोष्ट. इंग्रजांच्या फौजेनं एकोणिसाव्या शतकात ती इथून उचलली, युरोप-अमेरिकेत तिचं वेड पसरलं आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धाही झाली. आपल्याकडे ते कोपऱ्यात धूळ खात पडलं. हलकी जोडी घेऊन वार्मअपला पाच मिनिटं फिरवली की खांदा सगळ्या दिशांनी गरम होतो. जड मुद्गल मात्र वस्तादाच्या नजरेखालीच. फिरत्या वजनाचा झटका शेवटच्या टोकाला बसतो, आणि तो आवरायला जे चौघे लागतात तेच दमलेले असतात.

९. गोळा

पोलीस भरतीची जाहिरात आली की जिम भरते. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गोळाफेकीला, आणि मुलांचा गोळा ७.२६० किलोचा. मुलं येतात ती "सर, दीड महिन्यात खांदा करून द्या" म्हणत. मग दिवसातून दोनदा गोळा, संध्याकाळी वर प्रेस. दुसऱ्या आठवड्यात हात वर होत नाही.

स्नायू लवकर तयार होतो, स्नायुबंध सावकाश. ताकद वाढल्याचं जाणवतं तेव्हा दोरी अजून जुनीच असते. म्हणून फेकींची संख्या आठवड्याला थोडीच वाढवायची, मध्ये दिवस सोडायचा. आणि गोळा जातो तो पायांनी. स्क्वॉट, कमरेची फिरत, शेवटी हात. निव्वळ हातानं फेकणारा पोरगा मला दुरून ओळखू येतो, कारण त्याची टाच जमिनीवरून सुटतच नाही.

१०. दुखणं वाचायला शिका

कटकट आवाज येतो पण दुखत नाही, तर सोडून द्या. सेटमध्ये हलकं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलं, तर व्यायाम चालू, वजन कमी. दुसऱ्या दिवशी कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर भार झेपलेला नाही. त्या कुशीवर झोपता येत नाही, रात्री ठणक्यानं जाग येते, हे आठवडे चाललं तर डॉक्टर. झटका बसून हात उचलायची ताकदच गेली तर त्याच दिवशी. दुखणं कोपराखाली उतरून बोटांत मुंग्या येत असतील तर आधी मान तपासून घ्या. खांदा नाहक बदनाम होतो.

चाळिशी-पन्नाशीत खांदा हळूहळू आखडत गेला, शर्टात हात घालता येईना, दुसऱ्यानं धरून फिरवला तरी हात फिरत नाही, तर तो फ्रोजन शोल्डर असू शकतो. मधुमेह्यांत तो जास्त दिसतो. एका विमा एजंट काकांना मी जिममध्ये घेण्याआधी साखर तपासायला पाठवलं होतं. ते चिडून गेले आणि आठवड्यानं रिपोर्ट घेऊन आले. साखर वाढलेली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. असा खांदा ताकद लावून "मोकळा" करायचा नसतो. मालिशवाल्याकडून ओढून घ्यायचा तर नाहीच नाही. तो वेळ घेतो, कधी वर्ष, कधी त्याहून जास्त.

आणि डावा खांदा हात न हलवताही दुखतोय, छातीत दडपण आहे, घाम फुटलाय, जबड्यापर्यंत कळ जातेय, तर सेट पुरा करत बसू नका. वजन खाली ठेवा, कोणाला तरी गाडी काढायला सांगा आणि थेट दवाखाना गाठा. ते दुखणं खांद्याचं नसतं.